नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, ₹ च्या जागी चौकोन : वेबसाइटचा हा आजार ओळखायचा कसा?

जमातीच्या देणगीची पावती, शाळेची फी, दुकानाचं बिल, वधू-वर नोंदणी, सगळं आता वेबसाइटवर आलंय. बऱ्याचदा घरातलाच किंवा मोहल्ल्यातला कुणी शिकलेला मुलगा, मुलगी ती बनवून देते. काम सुरू होतं आणि तक्रारी येतात. नाव मराठीत भरलं, पावतीवर प्रश्नचिन्हं आली. रक्कम बरोबर आहे, पण ₹ च्या जागी चौकोन. मग घाईत कुणीतरी डेटाबेसची सेटिंग बदलतं आणि जी माहिती वाचली असती तीही जाते. म्हणून आधी लक्षण ओळखा, मग औषध द्या.

मुळात घोळ कुठे होतो?

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याची जगभर मान्य असलेली यादी म्हणजे युनिकोड. तो आकडा फाइलमध्ये लिहिण्याची सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दू अक्षराला २ आणि देवनागरीला ३. ₹ लाही ३ च लागतात. हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. लिहिणाऱ्याने एका पद्धतीने लिहिलं आणि वाचणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने वाचलं, की गडबड झालीच.

चार लक्षणं, चार उपाय

१) टोपीवाली विचित्र अक्षरं. ₹ च्या जागी टोपी घातलेला इंग्रजी ए, स्वल्पविरामासारखी खूण आणि वर चढलेला बारीक १ दिसतो. म्हणजे तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचले गेले. इथे माहिती बहुधा शाबूत असते. पानाच्या हेडमध्ये अगदी वर मेटा चारसेट यूटीएफ-८ असल्याची ओळ टाका. सर्व्हरच्या कंटेंट-टाइप हेडरमध्येही तेच आहे का ते बघा, कारण दोघांत फरक असेल तर ब्राउझर सर्व्हरचं ऐकतो.

२) काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ब्राउझरला बाइट समजले नाहीत, असा याचा अर्थ. मूळ मजकूर अजून असू शकतो. पण त्याच अवस्थेत फॉर्म पुन्हा सेव्ह केला तर तो गेला. आधी सेव्ह करणं थांबवा.

३) साधी प्रश्नचिन्हं. हे सगळ्यात वाईट. लॅटिन-१ प्रकारच्या कॉलममध्ये मराठी भरलं, तर जुन्या किंवा ढिल्या सेटिंगवर डेटाबेस प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह साठवतो. 'शेख' मध्ये श, मात्रा आणि ख अशी तीन चिन्हं आहेत, म्हणून तीन प्रश्नचिन्हं. 'खान' चीही तीनच. आता या ओळीतला माणूस शेख होता की खान, हे जगातला कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकत नाही. जुना बॅकअप किंवा कागदी फॉर्म, एवढेच दोन रस्ते उरतात.

४) रिकामा चौकोन. माहिती ठीक आहे, फक्त फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही. पीडीएफ पावतीत हे फार होतं, कारण पीडीएफच्या ठरलेल्या जुन्या फॉन्टमध्ये ₹ नाहीच. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट पीडीएफमध्ये जोडा. डेटाबेसला हातही लावू नका.

कृतिदेव, श्रीलिपी किंवा जुन्या इनपेजमधला मजकूर ही वेगळी गोष्ट. त्यांची अक्षरयादी त्यांची स्वतःची होती. तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणूनच वेबसाइटवर टाका.

डेटाबेस दुरुस्त करताना

मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' निवडू नका. त्या नावाचा जुना प्रकार ३ बाइटपर्यंतच चालतो. मराठी, उर्दू महिनोन्‌महिने नीट चालतं आणि एक दिवस कुणी नावापुढे इमोजी टाकला, की फॉर्म अडकतो, कारण इमोजीला ४ बाइट लागतात. 'यूटीएफ-८ एमबी-४' निवडा आणि डेटाबेसशी जोडणीसुद्धा त्याच पद्धतीने करा. लॅटिन-१ कॉलममध्ये यूटीएफ-८ चे बाइट शिरले असतील तर थेट रूपांतर केल्यावर गोंधळ दुप्पट होतो. आधी कॉलम बायनरी करा, मग नवीन प्रकारात न्या. आणि हे सगळं आधी बॅकअपच्या कॉपीवर करून बघा.

रक्कम आणि चिन्ह वेगळं ठेवा

रक्कम कधीही '₹ १,२५,०००' अशी मजकूर म्हणून साठवू नका. इंग्रजी आकड्यांत, स्वल्पविरामांसकट लिहिलेला सव्वा लाख पीएचपीने किंवा जावास्क्रिप्टच्या पार्सइंटने आकडा करायला घेतला, तर तो पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो. सव्वा लाखाचा हिशोब एक रुपया होतो! रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यात साठवा. शेजारच्या कॉलममध्ये आयएनआर असा तीन अक्षरी कोड ठेवा. चिन्ह आणि स्वल्पविराम फक्त दाखवताना लावा. जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला भारताची सेटिंग दिली, की लाख-कोटीचे स्वल्पविराम आपोआप बरोबर पडतात.

कोकणातली कितीतरी घरं आखातातल्या कमाईवर चालतात, तिथून देणग्याही येतात. त्यांनी एक लक्षात ठेवावं. रुपयाचे १०० पैसे, पण कुवेत आणि बहरीनच्या दिनारचे १,००० फिल्स, ओमानच्या रियालचे १,००० बैसा. साडेबारा कुवेती दिनार म्हणजे १२,५०० फिल्स. सवयीने त्याला १०० ने भागलं, तर पावतीवर १२५ दिनार छापले जातील. सौदी रियालचं नवं चिन्ह तर २०२५ मध्ये आलंय. जुन्या मोबाइलवर तिथे चौकोनच दिसेल, तेव्हा सध्या एसएआर हा कोड लिहिलेला बरा.

वेबसाइट सुरू करण्याआधी

एक खोटी नोंद भरा. नाव मराठीत, पत्ता उर्दूत, शेरा इमोजीसकट, रक्कम सव्वा लाख. मग ती पाच ठिकाणी बघा : डेटाबेसमध्ये, पानावर, पीडीएफमध्ये, ईमेलमध्ये आणि एक्सेलमध्ये. एक्सेलसाठीच्या सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला बॉम ही तीन बाइटची खूण ठेवा, नाहीतर सगळं ठीक असूनही एक्सेल टोपीवाली अक्षरं दाखवू शकतं.

या तपासणीला दहा मिनिटं लागतात. प्रश्नचिन्हं झालेली शंभर नावं परत गोळा करायची, तर शंभर घरांचे दरवाजे ठोठवावे लागतात.