डिस्क बॅगेत, तरी कॉम्प्युटर ठप्प!

ऑफिसात कुणालाही विचारा, "बॅकअप आहे ना?" उत्तर ठरलेलं. बॅगेतून एक काळी चपटी डबी बाहेर येते. "एक टीबी! सगळं आहे यात." मग पुढचा प्रश्न टाका, "उद्या लॅपटॉप चालूच झाला नाही, तर या डबीवरून चालू होईल?" समोरचा एकदम गप्प!

मंडळी, आधी हा फंडा क्लिअर करू. फाइल्स कॉपी केलेली डिस्क वेगळी आणि कॉम्प्युटर जिच्यावरून सुरू होतो ती 'बूटेबल' डिस्क वेगळी. दुसरीवर ऑपरेटिंग सिस्टिम लागते आणि तिला उठवणारा छोटासा बूटलोडरही. नुसते फोटो आणि एक्सेल शीट्स भरून डिस्क बूटेबल होत नाही.

माझी रूममेट लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. गेल्या सीझनमध्ये ऐन वेळी तिच्या लॅपटॉपची आतली एसएसडी गेली. दोन दिवसांवर डिलिव्हरी आणि अर्धं पेमेंट अडकलेलं. तिच्या एक्स्टर्नल डिस्कवर जुन्या लॅपटॉपचा पूर्ण क्लोन होता, रोजचं कामही होतं. तिने ती जोडली. स्क्रीनवर एकच ओळ : 'नो बूटेबल डिव्हाइस'. रात्री साडेअकराला आम्ही दोघी एकेक गोष्ट तपासत बसलो. तोच क्रम तुमच्यासाठी.

आधी वायर, मग डोकं

डिस्कचा दिवा लागतोय? यूएसबी हब काढा आणि डिस्क थेट लॅपटॉपला जोडा. वायर बदलून बघा, पोर्ट बदलून बघा. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो, यूएसबीच्या विजेवर ती चालत नाही.

मग बूट मेन्यू. लॅपटॉप चालू करताच डेल किंवा लेनोवोच्या बहुतेक मॉडेल्सवर एफ१२ आणि एचपीवर एफ९ दाबत राहायचं. यादीत डिस्क दिसली तर निवडा. आमच्या यादीत ती दिसलीच नाही.

जुनी डिस्क, नवा लॅपटॉप

खरी गोम इथे होती. जुने कॉम्प्युटर बायॉसवर चालायचे आणि त्यांच्या डिस्कची मांडणी 'एमबीआर' पद्धतीची असायची. नव्यांमध्ये यूईएफआय असतं, त्याला 'जीपीटी' मांडणी आणि एक वेगळं बूट पार्टिशन लागतं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमधून जुनी 'लेगसी' पद्धत काढूनच टाकलीय. म्हणजे क्लोन शाबूत, पण नव्या मशीनच्या लेखी ती बूट डिस्कच नाही!

'सिक्युअर बूट' हे आणखी एक कुलूप. ओळखीची डिजिटल सही नसलेला बूटलोडर ते आत घेत नाही. बायॉसमध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण थांबा! आतली डिस्क बिटलॉकरने लॉक असेल, तर अशा बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी शोधून ठेवा.

आणि समजा डिस्क दिसली, विंडोजचा लोगोही आला, तरी निळी स्क्रीन येऊ शकते. कारण साधं विंडोज यूएसबी डिस्कवरून चालावं म्हणून बनवलेलंच नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ च्या एंटरप्राइज आवृत्तीत 'विंडोज टू गो' आणलं होतं, तेही २०२० साली विंडोज १० मधून काढून टाकलं.

मॅकवाल्यांनी फार हसू नये. टी२ चिपच्या इंटेल मॅकवर (२०१८ ते २०२० मधले बरेच मॅकबुक) बाहेरून बूट करायला मुळातच परवानगी नसते. कमांड-आर दाबून रिकव्हरीत जायचं आणि 'स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी'मध्ये ती द्यायची. त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणून आतली डिस्क धडधाकट असतानाच हे उरकून घ्या. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक तर आतलं स्टोरेज गेलं की बाहेरच्या डिस्कवरूनही उठत नाहीत.

मग रूममेटचं काय झालं?

रात्री एकच्या सुमारास तिला डिस्क जीपीटीत कन्व्हर्ट करायची हुक्की आली. मी तिचा हात धरला. कामाची ती एकमेव प्रत होती! डिस्क बूट होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा नाही. सकाळी तीच डिस्क मित्राच्या डेस्कटॉपला साध्या ड्राइव्हसारखी लावली. सगळे प्रोजेक्ट जागच्या जागी! व्हिडिओ वेळेत गेला, पेमेंटही सुटलं.

त्यामुळे येत्या शनिवारी अर्धा तास काढा. किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर किंवा उबुंटू टाकून ठेवा. त्यावरून लॅपटॉप सुरू होतो का, हे एकदा प्रत्यक्ष बघा. रिकव्हरी की कागदावर लिहा. आणि कामाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. गाडीच्या स्टेपनीत हवा आहे की नाही, हे घाटात पंक्चर झाल्यावर बघून काय उपयोग?