मैलाचा दगड

"मामा, प्रबंध कुठवर आला?" सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस असलेल्या भाच्याने परवा विचारले.

"झालाच म्हण की!" मी ऐटीत म्हणालो. गेली तीन वर्षे माझे हेच उत्तर आहे.

तो हसला आणि त्याने मला फ्रेड ब्रूक्स यांची हकीकत सांगितली. १९६४ साली आयबीएम कंपनीने सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम ब्रूक्स पाहत होते. ते रेंगाळले. १९७५ सालच्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्यांनी त्याचे मर्म उलगडले : मोठा विलंब अचानक कोसळत नाही, रोजच्या बारीकसारीक खोळंब्यांतून तो साठत जातो. म्हणून टप्पे असे ठरवावेत, की त्यांविषयी दुमत संभवू नये. 'आराखडा बहुतेक तयार' हा टप्पा नव्हे. 'आराखड्यावर सह्या झाल्या' हा टप्पा!

खरेच, रस्त्यावरचा दगड कधी 'पुणे जवळ आले' म्हणतो का? तो आकडा सांगतो.

त्या रात्री मी कपाटातले बाड काढले. सहा प्रकरणांपैकी पुरी झालेली मोजली. दोन! मार्गदर्शकांना तसे स्वच्छ कळवून टाकले. लाज वाटली खरी. पण झोप मात्र कितीतरी दिवसांनी गाढ लागली.