कुरजांच्या गावावरून

पाबळमधील आमच्या जुन्या पेढीचा वाडा विकावा, असे भावंडांनी ठरविले. पुढची पिढी पुण्यात स्थिरावली. वाड्याला कुलूप लागून पाच वर्षे झाली. कागदावर माझी सही तेवढी राहिली होती. बँकेत उभा जन्म इतरांच्या सह्या तपासल्या. स्वतःची सही करण्यापूर्वी मात्र एकदा मारवाड पाहून यावे, असे मनाने घेतले. पणजोबा तेथूनच पाबळला आले होते. “बाबा, एकटे जाऊ नका,” असे मुलांनी परोपरीने विनवले. पण ही भेट एकट्यानेच घ्यावयाची होती. जानेवारीत आगगाडीने जोधपूर गाठले आणि भाड्याची मोटार घेतली.

पहाटे साडेपाचला निघालो. सोबत वीस लिटर पाणी, खाकरे आणि घरची चटणी. सुमारे पासष्ट किलोमीटरवरील ओसियांला पोहोचलो, तेव्हा उजाडू लागले होते. येथील महावीर मंदिर आठव्या शतकातील, प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातले. ओसवाल समाज आपले मूळ याच गावाशी जोडतो. दर्शन घेऊन बाहेर आलो, तर गावाच्या कडेपासूनच वाळूचे धोरे पसरलेले. या भूमीतून माणसे का निघाली असतील, हे कोणाला विचारावे लागले नाही.

पुढे खेजडीची तुरळक झाडे आणि सरळ रस्ता. फलोदीजवळ खिचन नावाचे गाव आहे. लाल दगडाच्या कोरीव हवेल्या, त्यांतील पुष्कळ कुलूपबंद. मालक व्यापारासाठी दूरदूरच्या शहरांत गेलेले. ती कुलुपे पाहून मला आमचा वाडा आठवला. इतक्यात आकाश आवाजाने भरून गेले. कुरजा! आपण ज्यांना करकोचे म्हणतो, त्यांतलीच ही जात. मंगोलिया व मध्य आशियातून हिमालय ओलांडून हे पक्षी हिवाळ्यात येथे हजारोंनी उतरतात. गावाच्या कडेला कुंपण घातलेले ‘चुग्गाघर’ आहे. तेथे रोज सकाळी त्यांच्यासाठी धान्य पसरले जाते. 1970 च्या दशकात रतनलाल मालू या गृहस्थांनी कबुतरांना दाणे घालताना या पाहुण्यांनाही घालण्यास आरंभ केला. पुढे ते साऱ्या गावाचे व्रत झाले. परगावी गेलेले व्यापारी त्यासाठी देणगी पाठवीत राहिले. 2025 साली येथील जलाशयांचा रामसर यादीत समावेश झाला.

मारवाडी लोकगीतांत परदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचविण्याची विनवणी स्त्रिया याच कुरजेला करतात. माझ्या पणजीनेही केली असेल का? मी बराच वेळ तेथे उभा होतो. कुलूप लावून गेलेल्या माणसांनी गावाचे खाते मात्र बंद केले नव्हते.

फलोदी हे भारतातील उच्चांकी तापमानाचे गाव. 19 मे 2016 रोजी येथे 51 अंश सेल्सिअसची नोंद झाली. जानेवारीतले ऊन सौम्य होते, तरी दुपारी पोखरणच्या अलीकडे माझी परीक्षा झालीच. छायाचित्रासाठी मोटार रस्त्याखाली घेतली आणि चाके वाळूत रुतली. जेवढा वेग द्यावा, तेवढी ती खोल जात. मोबाईलला रेंज नाही. अर्ध्या तासाने एक मेंढपाळ आला. त्याने पहिला प्रश्न केला, “पाणी है?” मोटारीचे त्याने नंतर पाहिले. चाकांतील हवा कमी केली, पुढची वाळू उपसली, काटक्या अंथरल्या. मोटार वर आली. मी पैसे काढले, तेव्हा त्याने हात जोडून नाकारले.

संध्याकाळी जैसलमेरला गडीसर तलावाच्या काठी बसलो. चौदाव्या शतकात घडविलेल्या या तलावाने पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहान भागविली. जेथे पाऊस इतका तोकडा, तेथे पाणी साठविणे हाच खरा संचय. आपले पाबळही पर्जन्यछायेतले. हा दुष्काळी भाग मुद्दाम निवडून डॉ. श्रीनाथ कालबाग मुंबईहून येथे आले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. ते बाहेरून येऊन देऊन गेले. आम्ही चार पिढ्या याच गावात मिळविले; आमच्या खात्यात जमेच्या बाजूला काय होते?

वाड्यामागे आजोबांनी खोदलेली विहीर आहे. भर उन्हाळ्यातही तिला थोडे पाणी असते. त्या रात्री धाकट्या भावाला दूरध्वनी केला, “वाडा विकू या. पण विहीर आणि तिच्यापर्यंतची वाट व्यवहारातून वगळायची. ती गावाच्या नावे करून देऊ.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, भाव कमी येईल.”

“येऊ दे.”

मागल्या महिन्यात सही केली. विहिरीतील गाळ काढण्याचे काम सध्या सुरू आहे.