सदाफुलीचा पाला आणि मधुमेह

‘डॉक्टर, सदाफुलीची पाने खाऊन मधुमेह बरा होतो का?’ या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वरचेवर असतो. दवाखान्यात तर तो आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतोच. कुणी रोज सकाळी अनशापोटी चार पाने चावून खातो, कुणी पांढऱ्या फुलांचा काढा घेतो. शेजाऱ्याने सांगितले, पाहुण्याने सांगितले, एवढा आधार पुरतो. झाड दारातच असते आणि पैसाही लागत नाही. म्हणून आज या झाडाविषयी थोडे सविस्तर लिहितो. सदाफुलीवर जगात भरपूर संशोधन झालेले आहे आणि त्याची हकीकत वाचली की या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

सदाफुली मूळची आपल्याकडची नव्हे. तिचे माहेर आफ्रिकेजवळचे मादागास्कर बेट. बारा महिने फुलते, पाणी कमी लागते आणि पाने कडू असल्याने जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे ती उष्ण प्रदेशात सगळीकडे पसरली. गंमत अशी की, जमैका, फिलिपाइन्स, दक्षिण आफ्रिका अशा एकमेकांपासून दूर असलेल्या देशांतही लोक तिचा पाला मधुमेहावर घेत. इतक्या ठिकाणचे लोक एकच गोष्ट सांगतात, तर त्यात काही तथ्य असेल, असे शास्त्रज्ञांना वाटणे साहजिक होते.

शोधायला गेले एक

कॅनडातील टोरांटो शहरात १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला. त्याच शहरातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे १९५२ मध्ये जमैकाहून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची २५ पाने होती. तिकडचे लोक याचा चहा करून मधुमेहावर घेतात, तुम्ही तपासून पाहा, असा निरोप त्यांच्या एका रुग्णाने पाठवला होता. क्लार्क नोबल यांनी ती पाने आपले भाऊ डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. ते कॅनडातल्याच वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातील साखरेवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. मग त्यांनी तो अर्क शिरेतून टोचला. साखर तरीही उतरली नाही, पण उंदीर आठवडाभरात मरू लागले. त्यांच्या शरीरात ठिकठिकाणी पू झाला होता. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांच्या रक्तातून झपाट्याने कमी झाल्या होत्या आणि या पेशी जिथे तयार होतात तो हाडांतील मगजही मंदावला होता.

मधुमेहाच्या दृष्टीने प्रयोग फसला होता. पण नोबल यांनी विचार केला की, जो पदार्थ पांढऱ्या पेशी इतक्या कमी करतो, तो पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रोगावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, चालू शकेल. १९५४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर त्यांना येऊन मिळाले. अर्कातील घटक एकेक वेगळा करीत त्यांनी नेमका पदार्थ शोधून काढला आणि १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. आज त्याला व्हिनब्लास्टिन म्हणतात.

त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा हे शास्त्रज्ञ याच झाडावर काम करीत होते. तिथेही पहिला हेतू मधुमेहाचाच होता आणि तिथेही रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर या अर्काने जास्त दिवस जगले, असे आढळले. त्यांच्या कामातून व्हिनक्रिस्टिन हा दुसरा पदार्थ मिळाला. १९६३ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

हे औषध काय करते?

आपल्या शरीरातील पेशी दुभागून वाढतात. दुभागताना पेशीतील गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे होऊन दोन टोकांना ओढले जावे लागतात. ओढण्याचे काम अतिसूक्ष्म दोऱ्या करतात. सदाफुलीतील हे पदार्थ त्या दोऱ्या वळूच देत नाहीत. पेशी दुभागता दुभागता अडकते आणि मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभागतात, म्हणून त्यांना तडाखा जास्त बसतो.

१९६० च्या आधी रक्ताचा कर्करोग झालेले मूल बहुधा काही महिन्यांतच दगावत असे. आज लहान मुलांतील तीव्र रक्तकर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात, व्हिनक्रिस्टिन आणि इतर औषधे एकत्र दिल्यावर, चांगल्या केंद्रांत दहापैकी आठ-नऊ मुले बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत व्हिनक्रिस्टिनचे नाव आहे.

पण याची मात्रा किती असते, तेही पाहा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. तेही फक्त शिरेतून आणि रक्त तपासून. मात्रा थोडी वाढली की हातापायांना मुंग्या येतात, नसा दुखावतात, आतड्याची हालचाल थांबते. आणि एवढे औषध पानात असते किती? अवघे एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिन काढायला सुमारे ५०० किलो सुकलेली पाने लागतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाला चावून कुणाचा कर्करोग बरा होणार नाही. पानातले औषध अत्यल्प, आणि तोंडाने घेतले तर त्याचा भरवसा नाही. दुसरी, पानात हा एकच पदार्थ नाही. या झाडात शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करू शकणारी रसायने, सापडली आहेत. कुणाच्या अंगणातल्या झाडात कोणते किती असेल, हे जमिनीवर, ऋतूवर आणि पानाच्या वयावर ठरते. चार पाने ही मात्रा नव्हे, तो अंदाज आहे.

मग साखरेचे काय?

प्राण्यांवरील काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने साखर काहीशी उतरलेली दिसली आहे, हेही सांगितले पाहिजे. पण माणसाचा मधुमेह या पाल्याने आटोक्यात राहतो, डोळे, मूत्रपिंड, पाय वाचतात, असे सिद्ध झालेले नाही.

‘म्हणजे डॉक्टर, तुमचा झाडपाल्यावर विश्वासच नाही!’ असे मला काही जण म्हणतात. तसे मुळीच नाही. मधुमेहावर मी रोज लिहून देतो त्या मेटफॉर्मिन गोळीचे मूळही एका झाडापर्यंत जाते. युरोपात गॅलेगा नावाची शेंगवर्गीय वनस्पती आहे. तिच्यातील गॅलेगिन या पदार्थाने साखर उतरते, हे १९२० च्या दशकात दिसले. पण तो पदार्थ विषारी ठरला आणि मागे पडला. त्याच जातकुळीतील मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि फ्रान्समध्ये डॉ. झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये त्याचा माणसांतील उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे लोकांच्या अनुभवाने दिशा दाखवली, आणि पुढे कोणता पदार्थ, किती मात्रा, कुणाला चालेल, कुणाला नाही, हे वर्षानुवर्षे तपासल्यावर गोळी तयार झाली. मेटफॉर्मिन घेणारा माणूस वनस्पतीचाच वारसा घेतो, फक्त तोलून-मापून.

माझ्याकडे जवळच्या खेड्यातील एक शेतकरी येत असत. गोळ्यांनी त्यांची साखर चांगली आटोक्यात होती. कुणीतरी सदाफुली सुचवली आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. आठ महिने ते आले नाहीत. आले तेव्हा पायाला जखम होती. मधुमेहाने पायाची संवेदना गेल्यामुळे चप्पल लागलेली त्यांना कळलीच नव्हती. दोन बोटे काढावी लागली. पाल्याने त्यांना काही विषबाधा झाली नव्हती. बंद केलेल्या गोळ्यांनी घात केला होता. माझ्या मते खरा धोका हाच आहे.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे

चालू गोळ्या किंवा इन्सुलिन कोणत्याही पाल्यासाठी, चूर्णासाठी बंद करू नका. ज्या मुलांचा मधुमेह केवळ इन्सुलिनवर आहे, त्यांचे इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच जिवावर बेतते.

सदाफुलीची पाने, फुले वा मूळ औषध म्हणून घेऊ नका. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांना तर मुळीच देऊ नका. आधीपासून घेत असाल तर थांबवा, आणि तसे आपल्या डॉक्टरांना न लाजता सांगा. सांगितले तरच साखर तपासून गोळ्यांची मात्रा बरोबर ठरवता येते.

‘मधुमेह कायमचा बरा’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. १९५४ च्या कायद्याने मधुमेह आणि कर्करोग बरा करण्याच्या अशा जाहिराती करण्यास मनाई आहे. अशा काही चूर्णांत गोळ्यांचीच पूड मिसळलेली सापडल्याच्या घटना घडल्या आहेत. तिने साखर एकाएकी खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जावे, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांना दाखवावी आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासत राहावे. उपाय कोणताही असो, साखर उतरली की नाही हे रक्ताच्या तपासणीवरूनच ठरते, ‘बरे वाटते’ यावरून नव्हे.

आणि दारातली सदाफुली उपटू नका. तिच्या जातीने हजारो मुलांचे प्राण वाचवले आहेत. तिला पाणी घाला, फुले देवाला वाहा. मात्र गोळी वेळेवर घ्या.