व्यसनांचे अंतरंग – लेखांक 7 : तिने हात उचलला तेव्हा

1734 सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. लंडनच्या पूर्वेकडील बेथनल ग्रीन भागातल्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराश्रित गरिबांना ठेवण्याच्या जागेत, ज्युडिथ डेफोर नावाची मजूर बाई आली. तिची दोन वर्षांची मेरी तिथेच राहत होती. मुलीला थोडा वेळ बाहेर नेते, असे सांगून ती तिला घेऊन गेली. वर्कहाउसने मेरीला नुकतेच नवे कपडे दिले होते. संध्याकाळी ज्युडिथ आणि तिची एक सोबतीण यांनी ते कपडे उतरवून घेतले, पोरीचा रुमालाने गळा आवळला आणि तिला एका चरात टाकून दिले. कपडे विकून एक शिलिंग चार पेन्स आले. दोघींनी ते वाटून घेतले आणि जिन ही दारू विकत घेतली. रात्री ज्युडिथ नेहमीप्रमाणे कामावर गेली. तिथल्या बायकांसमोर तिने स्वतःच सगळे सांगून टाकले. मार्चमध्ये तिला फाशी झाली.

लंडनमध्ये तेव्हा जिनचा सुळसुळाट झाला होता. ती स्वस्त होती आणि गल्लीबोळात, हातगाडीवरसुद्धा मिळायची. जिनविरोधी मंडळींना ज्युडिथच्या रूपाने हवा तसा पुरावा सापडला. 1736 मध्ये जिनवर जबर कर लादणारा कायदा आला. 1751 मध्ये विल्यम होगार्थने ‘जिन लेन’ हे चित्र छापले. त्याच्या मधोमध नशेत हसणारी आई आहे आणि तिच्या हातून मूल खाली कोसळते आहे. पिणारे पुरुष त्या शहरात काही कमी नव्हते, तरी लोकांच्या मनात ठसली ती आई. खटल्यात ज्युडिथच्या आईने एक साक्ष दिली होती : मुलीचे डोके कधीच ठिकाणावर नव्हते, ती सदा भटकत असायची. या साक्षीकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिले नाही.

व्यसनी बाईच्या हिंसेबद्दल आजही असेच होते. गुन्हा दिसतो, बाटली दिसते आणि दोघांमधली रेघ आपण डोळे मिटून ओढतो. ही रेघ खरोखर कुठून कुठे जाते, ते या लेखांकात पाहू.

आधी शरीराचे बघू. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते. त्यामुळे वजन सारखे आणि पेलेही सारखेच असले, तरी तिच्या रक्तात दारूची तीव्रता जास्त होते. रक्तात जाण्याआधीच थोडी दारू जठरात मोडणारे एक विकर असते. त्याचे काम स्त्रियांत कमी चालते, हे मारिओ फ्रेझ्झा, चार्ल्स लीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवले. पहिल्या घोटापासून व्यसन जडेपर्यंतचा प्रवासही अनेक स्त्रियांत पुरुषांपेक्षा लवकर होतो. मग तीच दारू तिला जास्त आक्रमकही करते का?

हे प्रयोगशाळेत तपासायची एक जुनी रीत आहे. 1967 मध्ये स्टुअर्ट टेलर यांनी ती बसवली. माणसाला सांगतात, पलीकडच्या खोलीत तुझा प्रतिस्पर्धी आहे. बटण आधी दाबेल तो जिंकेल आणि हरणाऱ्याला विजेचा झटका मिळेल. झटका किती जोराचा, हे ज्याने त्याने ठरवायचे. पलीकडे प्रत्यक्षात कोणीच नसते. केंटकी विद्यापीठातले पीटर जियानकोला यांनी याच रीतीने स्त्री-पुरुषांची तुलना केली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाचशेहून अधिक लोक होते. दारूने दोघांचीही आक्रमकता वाढली, पण पुरुषांची जास्त वाढली. म्हणजे दारू बाईला सोडत नाही, हे खरे. आणि प्यालेली बाई पुरुषापेक्षा भयंकर असते, ही समजूत खोटी.

हे घडते कसे, याचे एक उत्तर क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी 1990 मध्ये दिले. दारू माणसाची नजर आखूड करते. समोरचा टोमणा, ढकलाढकल, चढलेला आवाज तेवढा डोळ्यांत भरतो. उद्या काय होईल, शेजारच्या खोलीत मूल झोपले आहे, हे विचार मागे पडतात. म्हणून प्यालेल्या माणसासमोर काय घडते आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. शांत मैफलीत बसलेली बाई आणि रोज मार मिळणाऱ्या घरात बसलेली बाई सारखीच प्यायल्या, तरी त्यांच्यासमोर येणारी चिथावणी सारखी नसते.

इथे या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाती लागतो. अमली पदार्थ आणि हिंसा यांचे नाते पॉल गोल्डस्टीन यांनी 1985 मध्ये तीन प्रकारांत मांडले : नशेच्या अमलाखाली झालेली हिंसा, नशेच्या पैशांसाठी झालेली हिंसा आणि धंद्यातल्या टोळ्यांची हिंसा. ज्युडिथचा गुन्हा वरवर दुसऱ्या प्रकारात बसतो. पण 1991 मध्ये गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या कोकेन घेणाऱ्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास मांडला, त्यात दोघांचे चित्र वेगळे निघाले. जास्त कोकेन घेणारे पुरुष जास्त हिंसा करत होते. जास्त कोकेन घेणाऱ्या स्त्रियांवर मात्र जास्त हिंसा होत होती.

पदार्थ तोच, पण मार कोणाच्या अंगावर पडतो ते बदलले. हा निष्कर्ष व्यसनमुक्तीच्या प्रत्येक समुपदेशकाच्या मनात पक्का असायला हवा.

अमेरिकेत ग्रेगरी स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी जोडीदाराला मारहाण केल्यावरून अटक झालेल्या स्त्रियांना थेट विचारले : हात का उचलला? त्यांचा हा अभ्यास 2006 मध्ये आला. वारंवार आलेली कारणे अशी : स्वतःचा बचाव, भावना न आवरणे, जोडीदाराने चिथावणे, आधीच्या छळाचे उट्टे काढणे. यातले दुसरे कारण टाळून चालणार नाही. सगळ्याच बायका केवळ बचावासाठी मारत नाहीत. व्यसनी आईच्या हातचा मार खाणाऱ्या मुलाला तिची कहाणी ऐकवून दिलासा मिळत नाही. त्या मुलाला आधी सुरक्षितता हवी.

आणि महाराष्ट्रात? इथे बाई आणि दारू म्हटले की डोळ्यांसमोर येते ती दारूबंदीच्या मतपत्रिकेवरची आडवी बाटली. गावातल्या बायका मतदानाने दुकान बंद पाडतात, गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी होते. हा इतिहास अभिमानाचा आहे. पण त्यामुळे बाई ही दारूच्या विरोधातच उभी असणार, असे आपण गृहीत धरले आणि पिणारी बाई नजरेआड झाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दारू पिणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात 0.4 टक्के आणि गोव्यात 5.5 टक्के आहे. हे आकडे स्त्रियांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवर उभे आहेत. घरच्यांसमोर किती जणी खरे सांगतील, याचा विचार वाचकांनीच करावा. लपून पिणारी बाई उपचारांपर्यंत उशिरा पोचते. तोवर चिडचिड, आदळआपट, मुलांवर हात टाकणे यांना घरात ‘तिचा स्वभाव’ असे नाव पडलेले असते.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग निघाला. स्वतंत्र जागेची गरज सोयीपुरती नाही. जिच्यावर पुरुषांनीच हात टाकला, ती पुरुषांनी भरलेल्या गटात बसून आपल्या रागाबद्दल काय बोलणार? उपचारात तिला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात : तू कोणाला मारलेस, आणि तुला कोण मारते. पहिलाच विचारला, तर दारू सुटते आणि ती त्याच घरात परत जाते. दुसराच विचारला, तर तिची मुले विसरली जातात.

आपली व्यवस्था हे दोन प्रश्न दोन खिडक्यांवर विचारते. व्यसनासाठी 14446 ही हेल्पलाइन आहे, अत्याचारासाठी 181. पहिल्या खिडकीवर ती रुग्ण ठरते, दुसऱ्या खिडकीवर पीडित. एका रात्री प्यालेली, मार खाल्लेली आणि मुलावर हात टाकलेली बाई या दोन क्रमांकांपैकी कोणताही एक फिरवेल. पलीकडे फोन उचलणाऱ्याला दुसरा प्रश्नही विचारायचे प्रशिक्षण मिळायला हवे, आणि ते देणे अवघड नाही.

(पुढील लेखांकात : झोपेच्या गोळ्या आणि घरातले औषधांचे कपाट)