सुरंगी : देवीच्या वेणीची मानकरीण

फाल्गुनातल्या शिमग्यापासून चैत्रातल्या पाडव्यापर्यंत वेंगुर्ले तालुक्यात आरवली-शिरोड्याच्या वाटेने जाणाऱ्यास फूल दिसण्यापूर्वी त्याचा गंध भेटतो, आणि त्याच सुमारास मधमाश्यांचा गुंजारव कानी येतो. ही सुरंगी. या दिवसांत तिचा वळेसर माळल्याखेरीज देवीची पूजा आम्हां तळकोकणवासीयांस सुनीसुनी वाटते.

नावाच्या बाबतीत मात्र पुष्कळांची गफलत होते. काष्ठौषधींच्या दुकानात 'तांबडा नागकेसर' म्हणून जे मिळते, त्या बहुधा सुरंगीच्याच वाळलेल्या कळ्या असतात. खरा नागकेसर वेगळा. किनाऱ्यावरची उंडीही याच कुळातली. तिघांचीही फुले पांढऱ्या पाकळ्यांची व पिवळ्या केसरांची, म्हणून हा घोटाळा. वस्तुतः झाडाजवळ जाऊन पाहिले तर शंका उरत नाही. नागकेसराचे फूल मोठे, कोवळी पालवी तांबूस आणि पानाची पाठ पांढुरकी. उंडीच्या पानावर बारीक समांतर शिरा दाटीने असतात. फळ गोटीसारखे, त्याच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यात जळत असे. सुरंगीची तऱ्हाच न्यारी! पाने लांबट, जाड, गर्द हिरवी. पण फुले त्या पानांत नसतात. जुन्या फांद्यांच्या निबर सालीवर मोत्यांसारख्या गोल कळ्यांचे झुबकेच्या झुबके फुटतात.

उमललेली सुरंगी वळेसराला चालत नाही. उन्हे वर आली की कळी फुलते, म्हणून ती पहाटेच काढून ओवावी लागते. झाडाखाली कापड अंथरून पाडलेल्या कळ्या वाळवून व्यापाऱ्याकडे जातात. त्या अत्तराच्या कामी येतात. बकुळीप्रमाणे हिचाही गंध सुकल्यावर टिकतो, त्यामुळे देव्हाऱ्यातले निर्माल्यही घरभर दरवळत राहते.

सुरंगीच्या काही झाडांना केवळ नरफुले येतात व फळ धरत नाही. अशा झाडास वांझ ठरवून कुऱ्हाड लावणे आम्हांस मुळीच पटत नाही. गंध त्याच्या फुलांनाही असतोच. कळ्यांच्या लोभाने फांद्या ओरबाडणे तर त्याहून वाईट. बहर जुन्या लाकडावर येत असल्याने मोडलेल्या फांदीची उणीव एका पावसाळ्यात भरून निघत नाही. कळ्या हाताने वेचून काढण्यास वेळ लागतो हे खरे, पण देवीसाठी नेणाऱ्याने तेवढा तो द्यावा.

पाडव्यास वळेसर हवा असेल त्यांनी सकाळी लवकर बाजार गाठावा. उन्हे चढल्यावर ओवलेल्या कळ्याही दोऱ्यातच फुलू लागतात.