तणसावरची धिंगरी

धान निघालं की अर्जुनी मोरगावच्या बाजूला घरोघरच्या सांदवाडीत तणसाच्या गंज्या उभ्या राहतात. जनावरांची ती वर्षाची बेगमी. गेल्या डिसेंबरात काकूंनी त्यातलं एक ओझं धिंगरी अळिंबीसाठी बाजूला काढलं आणि मी त्यांच्या हाताखाली बसलो.

मला खरं तर शिताके ही अळिंबी लावायची होती. पण ती वाढते कठीण लाकडावर, तिला गारवा लागतो आणि ओंडक्यावर पहिलं पीक यायला कित्येक महिने जातात. आपल्याकडे आहे ते तणस. त्यावर धिंगरी महिन्याभरात येते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या तणसावर धिंगरीची लागवड करून दाखवली होती.

काकूंनी तणस बोटाएवढं चिरलं, रात्रभर भिजवलं, सकाळी ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं आणि उपसून पसरलं. "मुठीत दाबून पाह्य. पानी गळलं त थांब. हात नुसता वला झाला, का भर." सारी विद्या त्या मुठीत. पाणी जास्त राहिलं तर तणस कुजतं, कमी पडलं तर बुरशीचे धागे पुढे सरकत नाहीत.

पिशवीत चार बोटं तणस, कडेकडेनं गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, वर पुन्हा तणस. तोंड बांधायचं, दाभणानं भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत पिशव्या टांगायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. माझ्या दोन पिशव्यांवर मात्र हिरव्या बुरशीचे डाग उठले. हात न धुता मी बियाणं हाताळलं होतं. काकूंनी त्या दूर नेऊन पुरल्या.

बाकीच्यांचं प्लास्टिक काढून आम्ही दिवसातून तीनदा पाणी फवारलं. चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले, आठवड्यात तळहाताएवढे पंखे. कडा वळायच्या आत बुडाशी धरून पिरगाळलं की घोस अलगद हाती येतो.

पावसाळ्यात वारुळांवर सात्या नावाच्या रानअळिंब्या उगवतात. त्या आपोआप येतात, असंच मी समजत होतो. पण त्यांची शेती वाळवी करते. लाकूड-पाला खाऊन त्याचं पोळं वारुळात रचते, त्यावर बुरशी पोसते, ओल आणि ऊब राखते, परकी बुरशी वाढू देत नाही. काकू खोलीच्या उंबऱ्याशी दर वेळी हात धुतात, तो वारुळातलाच नेम. आता मीही आधी हात धुतो.